क्रूझवर आपली बाटली न्यावी का? खंब्याचा हिशोब आणि बांद्याचा नाका

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. ज्यांना ऐकायचंय त्यांनी ऐका, ज्यांचे इअरफोन बसमध्ये हरवलेत त्यांनी वाचा. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी कुणाला प्या म्हणत नाही. जे पीत नाहीत त्यांचे पैसे आधीच वाचलेत, आणि शेवटी त्यांच्याही कामाचा एक मुद्दा आहे. पण आपल्यातले बरेच जण क्रूझला, गोव्याला जायलेत आणि ग्रुपवर एकच प्रश्न येतो: "भावा, आपली बाटली आत नेता येती का? तिथं लई महाग असती म्हणं."

मागच्या हिवाळ्यात आमच्या ग्रुपवर पण हाच प्रश्न आला होता.

आमचा ग्रुप आणि शाम्पूची बाटली

आम्ही पाच जण. दोघं नांदेडचे, तिघं लातूरचे. चौघं इंजिनिअरिंगचे जुने दोस्त, आणि पाचवा आमच्यातल्या एकाचा मामेभाऊ. त्याला आपण 'पाहुणा' म्हणू. वय २३, लातूरला राहून पोलीस भरतीची तयारी करायलाय. पहाटे साडेचारला उठून ग्राउंडवर पळणारं पोरगं.

प्लॅन असा होता: नांदेडवाले तपोवनने, लातूरवाले लातूर-मुंबई एक्स्प्रेसने, सीएसएमटीला सगळे भेटायचं. तिथून बॅलार्ड पिअर जवळच. क्रूझच्या दोन रात्री, गोव्यात उतरून दोन दिवस, आणि परत बसने.

बुकिंग झालं त्याच रात्री पाहुण्यानं ग्रुपवर व्हिडिओ टाकला. शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत व्होडका, माउथवॉशच्या बाटलीत रंग टाकून रम, असले जुगाड. खाली मेसेज: "दादा, खंबा नेऊ. पैसे वाचतेत."

मी म्हणलं, थांब. आधी नियम बघू, मग हिशोब करू.

नियम काय आहे

जगातल्या मोठ्या क्रूझ कंपन्यांचे नियम साधारण एकाच साच्यातले आहेत. व्हिस्की, रम, व्होडका म्हणजे 'हार्ड' प्रकार बाहेरून आणायला बंदी. वाइनला थोडी सूट. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या अमेरिकी कंपन्या पहिल्या दिवशी प्रत्येक प्रौढ प्रवाशाला वाइनची एक सीलबंद ७५० मिलीची बाटली आणू देतात. ती बाटली खोलीत न पिता रेस्टॉरंटमध्ये उघडली, तर उघडून देण्याचे वेगळे पैसे लागू शकतात. डिस्ने जरा उदार आहे: प्रत्येक प्रौढाला वाइनच्या दोन बाटल्या किंवा सहा बिअर. वाटेतल्या बंदरावर किंवा जहाजावरच्या दुकानात हार्ड बाटली घेतली तर ती बहुतेक ठिकाणी ताब्यात घेऊन ठेवतात आणि उतरायच्या वेळी परत देतात.

आपल्याकडं मुंबईहून जाणारं जहाज म्हणजे कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस'. २०२१ पासून ते इथं आहे, पण जहाज १९९० चं. आधी रॉयल कॅरिबियनकडं होतं. तिथं नियम सरळ आहे: बाहेरची दारू आणायची नाही. तिकिटात जेवण आणि शो धरलेले असतात, दारू नसते.

नियम बदलत राहतात. म्हणून बुकिंग करताना 'बाहेरून काय आणता येईल' हे पान स्वतः वाचा. रीलवाल्यानं सांगितलं म्हणून जाऊ नका. रीलवाला तुमच्या बॅगेजवळ उभा नसतो.

बाटलीवर एवढी नजर का?

दोन कारणं. एक सुरक्षेचं. भर समुद्रात कुणी किती प्यायलंय हे बारवाल्याला दिसतं, खोलीत बसून पिणारा दिसत नाही. कठड्याला रेलून तोल गेला तर खाली रस्ता नाही, पाणी आहे.

दुसरं कारण पैशाचं, आणि ते जास्त मजेदार आहे. क्रूझ कंपनी फक्त तिकिटावर जगत नाही. कार्निव्हल कॉर्पोरेशनचे २०२३ चे आकडे बघा: एकूण उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर, त्यातले सुमारे ७.५ अब्ज जहाजावरच्या खर्चातून आणि इतर गोष्टींतून. बार, कॅसिनो, दुकानं, स्पा, सहली हे सगळं त्यात. म्हणजे तिकीट दोन रुपयांचं, तर वरचा खर्च जवळपास एक रुपया.

तिकीट स्वस्त दिसतं, कारण आत गेल्यावर तुम्ही खर्च करणार हे धरूनच ते ठेवलेलं असतं. मॉलमधल्या सिनेमासारखं. पिक्चरचं तिकीट परवडतं, पॉपकॉर्न परवडत नाही. आणि पॉपकॉर्न घरून आणू देत नाहीत.

खंब्याचा हिशोब

आता गणित. आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत, तुमच्या ट्रिपचे खरे आकडे टाकून बघा. पद्धत तीच राहील.

एक खंबा म्हणजे ७५० मिली. ६० मिलीचे धरले तर १२ पेग. समजा बाटली १,००० रुपयांची आणि जहाजावर एक पेग ४५० चा. १२ पेगचे झाले ५,४००. बाटलीचे १,००० वजा करा. वाचले ४,४००. पाच जणांत माणशी ८८०.

पाहुणा खूश. "बघ दादा, ८८० रुपये!"

पण हे सगळं सुरळीत झालं तर. बॅगा स्कॅनरमधून जातात. विमानतळावर असतात तशीच एक्स-रे मशीन. ती वस्तू किती दाट आहे आणि कशाची बनलीय यावरून रंग दाखवते. जैविक गोष्टी, म्हणजे खाणं, प्लास्टिक, द्रव, नारिंगी दिसतात. मशीनपुढं बसलेला माणूस दिवसभर बॅगाच बघत असतो. दोन रात्रींच्या ट्रिपला पाऊण लिटर शाम्पू कशाला, हा प्रश्न त्याला पडतोच.

समजा बाटली सापडायची शक्यता निम्मी. मग अर्ध्या वेळा ४,४०० वाचतील आणि अर्ध्या वेळा १,००० ची बाटली जाईल. २,२०० वजा ५००, म्हणजे सरासरी फायदा १,७००.

आता आणखी एक छोटी शक्यता धरा. नियम मोडला म्हणून जहाजावर चढूच दिलं नाही तर? हे शंभरात एकदाच होईल असं समजू. माणशी तिकीट २७,००० धरलं तर पाच जणांचे १,३५,०००. त्याचा शंभरावा भाग १,३५०.

१,७०० वजा १,३५० म्हणजे ३५०. पाच जणांत माणशी ७० रुपये.

सत्तर रुपये, मंडळी! स्टेशनवर दोन प्लेट पोहे आणि एक चहा. त्यासाठी शाम्पूच्या वासाची व्होडका प्यायची. ग्रुपवर हा हिशोब टाकला आणि अर्धा तास कुणीच काही बोललं नाही. मग एकानं लिहिलं, "पोहे खाऊ."

खरे पैसे वाचतात ते इथं

बाटली सोडली की दुसरा मोह येतो: पॅकेज. दिवसाचे ठरावीक पैसे भरा आणि पाहिजे तेवढं प्या. ऐकायला भारी वाटतं.

इथं एकच भागाकार करायचा. पॅकेजचा रोजचा दर भागिले एका ड्रिंकचा दर. समजा पॅकेज २,५०० आणि ड्रिंक ४५०. उत्तर साडेपाचच्या वर येतं. म्हणजे दिवसाला सहा ड्रिंक घेतलीत तरच पॅकेज परवडलं. रोज सहा, सगळे दिवस. तीन घेणारा माणूस सुट्टे पैसे देऊन १,३५० मध्ये मोकळा होतो. पॅकेज न घेतल्यामुळं त्याचे रोजचे १,१५० वाचतात, दोन दिवसांचे २,३००.

लपवाछपवीतून माणशी ७०. पॅकेज न घेतल्यानं माणशी २,३००. कुठल्या गोष्टीवर डोकं खपवायचं ते तुम्हीच ठरवा.

पॅकेजच्या बारीक अक्षरांत आणखी गोष्टी असतात. काही कंपन्यांमध्ये खोलीतल्या एका प्रौढानं दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, रॉयल कॅरिबियनचा नियम असाच आहे. कार्निव्हलमध्ये 'अमर्याद' वाटणाऱ्या पॅकेजला दिवसाला १५ दारूच्या ड्रिंकची मर्यादा आहे. शिवाय पैसे भरलेत म्हणून माणूस पीत राहतो, ते वेगळंच. मेसमध्ये डबल भात घेणारे आपण सगळे. भूक असो नसो, पैसे वसूल झाले पाहिजेत.

आम्ही काय केलं ते सांगतो.

एक, पॅकेज नाही घेतलं.

दोन, रोजची मर्यादा आधीच ठरवली. जहाजावर खर्च कार्डावर चढतो, नोट हातातून जाताना दिसत नाही. म्हणून प्रत्येकानं मोबाईलच्या नोट्समध्ये आकडा लिहून ठेवला आणि झोपायच्या आधी बिल बघायचं ठरलं.

तीन, जास्तीचा कार्यक्रम गोव्यात, जमिनीवर. जहाजावर समुद्र बघायचा.

चार, कॉन्ट्री वेगळी. आमच्यातला एक जण पीत नाही. दर वेळी बिल पाचांत वाटायचो आणि तो गपगुमान द्यायचा. या वेळी खाण्याचं बिल पाचांत आणि पिण्याचं चौघांत. तो म्हणला, "चार वर्षांनी न्याय मिळाला." न पिणाऱ्यांसाठीचा मुद्दा तो हाच. लाजू नका, वेगळा हिशोब मागा.

गोव्यातली शेवटची संध्याकाळ

ट्रिप मस्त झाली. ती सगळी सांगत बसत नाही, कारण खरा विषय आता येतो.

निघायच्या आदल्या दिवशी पाहुणा पणजीच्या एका दुकानातून चार बाटल्या घेऊन आला. उदगीरला दोस्ताचं लग्न होतं. "दादा, तिकडं हीच बाटली दुप्पट. चार बाटल्यांत तीन हजार वाचायलेत."

भाव खरा होता. गोव्यात दारू स्वस्त कारण कर कमी. दारू जीएसटीत येत नाही, प्रत्येक राज्य आपापला कर लावतं. महाराष्ट्रानं नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूम आणि बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के केला. जून २०२५ मध्ये इथं बनणाऱ्या 'विदेशी' दारूचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट करायचा निर्णय झाला. म्हणजे गोव्याच्या आणि आपल्या बाटलीतला फरक बराचसा कराचा आहे. आणि तो कर चुकवून बाटली हद्दीच्या आत आणायची, यालाच कायदा गुन्हा म्हणतो.

बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. वाटतं की सीलबंद आहे, बिल आहे, एक-दोन बाटल्यांना काय होतंय. पण महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणं दुसऱ्या राज्यातली दारू परवानगीशिवाय आणणं, जवळ बाळगणं, वाहून नेणं हा गुन्हा आहे. कलम ६५. त्यात दंड आहे, तुरुंगवासही आहे, आणि ज्या गाडीतून नेली ती गाडीही जप्त होऊ शकते. गोव्याच्या बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेलं असतं. म्हणजे पुरावा बाटलीवरच चिकटवलेला.

त्यात वय. गोव्यात वयाची अट १८. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१, हार्डला २५. शिवाय आपल्याकडं प्यायलाही परवाना लागतो: एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० रुपये, आयुष्यभराचा १,००० रुपये. वय २५ नसेल तर हार्डचा परवानाच मिळत नाही. पाहुणा २३ चा. पणजीत तो कायद्यानं बरोबर होता. बांद्याच्या हद्दीत पाऊल ठेवलं की तोच पाहुणा, त्याच बाटल्या, आणि दोन-दोन अडचणी.

मी त्याला एवढंच विचारलं, "भरतीचा फॉर्म भरताना चारित्र्य पडताळणीत काय विचारतेत?"

तो गप्प झाला. त्याला पाठ होतं. गुन्हा दाखल आहे का, खटला चालू आहे का.

तरी चिडला. "सगळेच आणतेत. मलाच धरतील का?" माझ्याकडं याचं उत्तर नव्हतं. खरंच, बरेच जण आणतात आणि बरेच सुटतात. मी म्हणलं, "शाम्पूचं गणित आठव. तिथं हरलो असतो तर ट्रिप गेली असती. इथं हरलास तर वर्दी."

त्या रात्री तो जेवला नाही नीट. सकाळी बघतो तर तीन बाटल्या हॉटेलच्या शेजारच्या खोलीतल्या गोव्याच्याच पोरांना निम्म्या भावात देऊन टाकल्या होत्या. चौथी उघडलेली होती, तशीच ठेवून आला. म्हणला, "दादा, दीड हजार गेले."

बांद्याचा नाका

गोव्याहून वर येताना सिंधुदुर्गात बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी नाका आहे. आमची कोल्हापूरची खासगी बस त्या पट्ट्यात थांबली. दोघं वर आले. वरच्या फळीवरच्या बॅगा हातानं दाबून बघायला लागले. पाहुण्याची बॅग उघडली. आत ओले कपडे, शेव-चिवडा आणि भरतीचं पुस्तक. बंद केली आणि पुढं गेले.

आमच्या मागं तीन सीट सोडून एक जण होता. आमच्याच वयाचा असेल. त्याच्या बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या बाटल्या निघाल्या. किती ते दिसलं नाही. तो हळू आवाजात सांगत होता की घरी कार्यक्रम आहे, बिल आहे माझ्याकडं. बिल दाखवतही होता. त्याला बॅगेसकट खाली उतरवलं.

बस दहा-पंधरा मिनिटं थांबली, मग निघाली. ती सीट कोल्हापूरपर्यंत रिकामीच होती. त्याचं पुढं काय झालं आम्हाला माहीत नाही.

पाहुणा खिडकीतून बाहेर बघत बसला होता. कोल्हापूर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. उतरल्यावर म्हणला, "चहा मी पाजतो."

तुमचे प्रश्न

एपिसोडच्या आधी इन्स्टावर प्रश्न मागवले होते. चार घेतोय.

*"आम्ही उदगीरचे. बिदरहून आणली तर? गोवा थोडीच आहे ते."*
नियम तोच. कर्नाटक असो, तेलंगणा असो, गोवा असो, दुसऱ्या राज्यातली दारू परवानगीशिवाय आणायची नाही. निजामाबादहून धर्माबादला आणणाऱ्यांनी पण ऐका. आपले दोन्ही जिल्हे हद्दीवरचे आहेत. सोयरिकी तिकडं, बाजार तिकडं, म्हणून हद्द आपल्याला दिसतच नाही. कायद्याला दिसते.

*"विमानात तर पाच लिटर चालते म्हणतात?"*
ती विमानाच्या सुरक्षेची मर्यादा झाली. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली सीलबंद दारू चेक-इन सामानात माणशी पाच लिटरपर्यंत. विमान कंपनी एवढंच बघते की पेट घेईल का. तुम्ही कुठल्या राज्यात उतरणार आणि तिथला कायदा काय, हा वेगळा प्रश्न आहे. एकाची परवानगी म्हणजे दुसऱ्याची नाही.

*"दुबईहून येणाऱ्या काकांनी ड्युटी फ्रीमधून आणली तर?"*
परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत सीमाशुल्क लागत नाही. ती सवलत परदेशातून येताना. गोव्याहून येताना तिचा आधार घेता येत नाही.

*"आमच्याकडं वाइन शॉपातून क्वार्टर घ्यायची आणि ढाब्यावर बसायचं. जेवणाचंच बिल येतं. हे तर चालतं ना?"*
हा आपल्या रोडवरचा 'आपली बाटली आणा' प्रकार. स्वस्त पडतो, खरंय. पण परवाना नसलेल्या जागी पिऊ देणाऱ्या मालकावर कलम ६८ आणि तिथं बसून पिणाऱ्यावर कलम ८४ लागतं. धाड पडली तर ढाबेवाल्यासोबत तुमचंही नाव येतं. आणि येताना गाडी कोण चालवणार, हा प्रश्न तर मी विचारलाच नाही अजून.

शेवटचं

वाचवायचे असतील तर पैसे कागदावर वाचवा, बॅगेत नाही. नियमाचं पान वाचा, पॅकेजचा एक भागाकार करा, रोजचा आकडा ठरवा, न पिणाऱ्याला वेगळं धरा. हे सगळं घरी बसून दहा मिनिटांत होतं आणि स्कॅनरमध्ये दिसत नाही.

आणि येताना गोव्याची आठवण आणायचीच असेल तर काजू आणा. पाहुण्यानं उदगीरच्या लग्नात तेच दिलं. पाकिटावर लिहिलं होतं, 'दादाच्या हिशोबातून'.

त्याचं ग्राउंड पुढच्या महिन्यात आहे. शुभेच्छा द्या त्याला. एपिसोड आवडला तर गोव्याला जाणाऱ्या त्या एका मित्राला नक्की पाठवा, तुम्हाला माहितीय कोण ते. भेटू पुढच्या रविवारी. चला, येतो!